नाबोथाचा मळा आणि बर्फावरच्या वाटा



अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता (1 राजे 21). राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. त्याने दाम देऊ केले, दुसरा चांगला मळाही देऊ केला. नाबोथ नाही म्हणाला. राजाच्या लेखी ती नुसती जमीन होती, नाबोथाच्या लेखी तो वाडवडिलांचा वारसा होता. पुढे खोटे साक्षीदार उभे राहिले, नाबोथाचा जीव गेला आणि मळा राजाचा झाला.

अहाबाला दोष देणे सोपे आहे. पण 1493 साली पोप सहावे अलेक्झांडर यांनी अटलांटिक महासागरातून एक रेषा आखली आणि तिच्या पश्चिमेची, जिथे ख्रिस्ती राजा नव्हता ती भूमी स्पेनच्या राजाराणीला दिली. तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही. त्या नकाशावर ती माणसे नव्हतीच!

आता दुसऱ्या एका नकाशाची गोष्ट ऐका. कॅनडाच्या अतिउत्तरेला, बर्फाच्या प्रदेशात इन्युइट लोक राहतात. तेल आणि खनिजे शोधणारे तिथे पोहोचले तेव्हा प्रश्न उभा राहिला, ही जमीन कोणाची? इन्युइटांकडे सातबारा नव्हता. 1973 साली त्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने एक काम सुरू झाले. वस्त्यावस्त्यांत शिकाऱ्यांसमोर नकाशे पसरले गेले. आयुष्यभर शिकार कुठे केली, सील कुठे मिळतो, कॅरिबू हरणांचे कळप कुठून जातात, हे त्यांनी स्वतः आखून दाखवले. गोठलेल्या समुद्रावरही त्यांचा वावर होता. 1976 साली हे सारे तीन खंडांत प्रसिद्ध झाले. इतरांना जे ओसाड वाटत होते, ते भरलेले घर निघाले. वाटाघाटीत हे नकाशे कामी आले. 1993 च्या करारानुसार महाराष्ट्राहूनही मोठ्या, सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमिनीवर इन्युइटांची मालकी मान्य झाली. 1 एप्रिल 1999 रोजी नुनावुत हा प्रदेश अस्तित्वात आला. नुनावुत म्हणजे ‘आमची भूमी’.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक गोष्ट मनावर ठसली. वस्तूचे चित्र म्हणजे वस्तू नव्हे. ते चित्र कोणी काढले, कोणाला विचारून काढले, हे महत्त्वाचे. एक रेषा न विचारता आखली गेली, दुसरी ऐकून.

ख्रिस्तसभेने आपली चूक मान्य केली आहे. जुलै 2022 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅनडात जाऊन मूळ रहिवाशांची क्षमा मागितली. 30 मार्च 2023 रोजी व्हॅटिकनने त्या जुन्या ‘शोधाच्या’ सिद्धांताचा जाहीर त्याग केला. मात्र कबुलीनंतर प्रायश्चित्त असते, हे आपण लहानपणी धर्मशिक्षणातच शिकलो आहोत.

आपल्याकडे 2006 चा वन हक्क कायदा आहे. त्याच्या नियमांनुसार गावातील वृद्धांचे लेखी नोंदवलेले कथनसुद्धा पुरावा ठरू शकते. आपल्या शेजारच्या आदिवासी पाड्यावरचे आजोबा डोंगर, ओढे, कंदमुळे नावानिशी ओळखतात. आपण कधी त्यांच्या अंगणात बसून ऐकले आहे का? की सर्व्हे नंबर पाहून फक्त भाव विचारला?

या आठवड्यात आपला नकाशा तपासू या. त्यावर कोण दिसत नाही?

हे प्रभो, नाबोथाचे रक्त तू विसरला नाहीस. आम्हांला ऐकणारे कान दे. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू