दोन घरांमधला वेळ

“ताई, टू बीएचकेचं किती घेता?” घरसफाईचं काम नव्याने सुरू केलेल्या बाईला येणारा फोन बहुधा याच वाक्याने सुरू होतो. उत्तर लगेच हवं असतं. मग आधीपासून या धंद्यात असलेल्या दोघा-तिघांचे दर विचारायचे, त्यातून तीन-चारशे कमी करायचे आणि एक आकडा सांगून टाकायचा. काम मिळतं. दोघीजणी सकाळी नऊला जातात, दुपारी दोनला आटपेल असं वाटलेलं काम साडेपाचपर्यंत चालतं, दुपारचं दुसरं घर रद्द करावं लागतं. महिनाअखेरीस वही उघडली की कामं भरपूर झालेली दिसतात आणि गल्ला रिकामा.

बीएचकेवरून घराचं माप कळतं, कामाचं कळत नाही. एकाच इमारतीतले, सारख्याच कार्पेट एरियाचे दोन फ्लॅट घ्या. एकात नोकरी करणारं जोडपं, वर्षापूर्वी रंग काढलेला, स्वयंपाक बेताचा. दुसऱ्यात सहा माणसं, एक मांजर, दोन वेळची फोडणी आणि बोअरचं पाणी. या दुसऱ्या घरात नळांवर, शॉवरच्या काचेवर, बाथरूमच्या टाइल्सवर क्षारांचा पांढरा थर बसलेला असतो. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, त्यामुळे साबणाने हलत नाही. त्याला आम्ल लागतं. पण तेच आम्ल संगमरवरी ओट्यावर सांडलं तर त्याची चकाकी जाते, कारण संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच. घाईघाईत आम्लावर ब्लीच ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. म्हणून जाणती बाई लिंबूसताचं पाणी लावते, थर मऊ होईपर्यंत थांबते, घासते, धुते, पुन्हा लावते. या थांबण्याचे पैसे बीएचकेच्या दरात कुठेच धरलेले नसतात.

स्वयंपाकघरातली चिमणी हा तर वेगळाच अभ्यास आहे. महिनोन्‌महिने तापलेल्या तेलाचा जाळीवर चिकट, लाखेसारखा थर होतो. जाळ्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवाव्या लागतात. जाळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर कडक कॉस्टिकने ती काळी पडते, स्टीलच्या जाळीला तो धोका नाही. हे हातात घेऊन पाहिल्याशिवाय ठरत नाही. म्हणून अनुभवी बाया घरात शिरल्याबरोबर आधी जाळ्या काढून भिजत टाकतात. मग माळा, पंखे, ट्यूबलाइट, पडद्यांचे दांडे, कपाटांचे माथे, खिडक्यांचे ट्रॅक, ट्रॉल्या, आणि फरशी अगदी शेवटी. फरशीपासून सुरुवात करणारीला फरशी दोनदा पुसावी लागते. वेळापत्रकाची सुरुवात खरं तर इथे, घराच्या आत होते.

परदेशात यावर पुस्तकं आहेत. ‘इस्सा’ या सफाई-उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या संग्रहात तब्बल ६१२ कामांना लागणारे वेळ दिलेले आहेत. रोज रात्री तीच ऑफिसं, तीच स्वच्छतागृहं झाडणाऱ्या कंत्राटदाराला ते उपयोगी पडतात. पुण्यातल्या घरांसाठी मात्र स्वतःची वही जास्त विश्वासाची: कोणतं घर, शेवटची सफाई कधी झाली होती, पाणी कसलं, माणसं किती, दोघी किती वाजता आत गेल्या आणि किती वाजता बाहेर पडल्या. अशा तीस-चाळीस नोंदी झाल्या की फोनवर पाच प्रश्न विचारून आणि व्हिडिओ कॉलवर स्वयंपाकघर आणि बाथरूम पाहून बराच नेमका अंदाज बांधता येतो. पहिल्या सफाईचा दर वेगळा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा यायचं असेल तर त्याचा वेगळा, हेही या वहीतूनच उमगतं.

पण वहीत एक वेळ सहसा लिहिला जात नाही. तो म्हणजे दोन घरांमधला. बसची वाट पाहण्याचा, गेटवर वॉचमनने थांबवलं की अ‍ॅपवरून मंजुरी येईपर्यंतचा, “साहेब मीटिंगमध्ये आहेत, अर्ध्या तासाने वर जा” असं ऐकून पार्किंगमध्ये बसण्याचा. दराचं गणित याच वेळेत फसतं, आणि तो वेळ शेवटी कुणाच्या खात्यावर पडतो यावर हा धंदा न्यायाचा की अन्यायाचा हे ठरतं.

जुन्या पद्धतीने या प्रश्नाचं आपल्या परीने उत्तर शोधलं होतं. शहरातली मोलकरीण ‘काम’ मोजते: भांडी हे एक काम, धुणं दुसरं, केर-फरशी तिसरं. प्रत्येक कामाचा महिन्याचा दर, घरातल्या माणसांप्रमाणे कमी-जास्त. ही घरं ती होता होईतो एकाच सोसायटीत किंवा एकाच गल्लीत धरते. चौथ्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर यायला दोन मिनिटं लागतात. प्रवासाचा वेळ जवळजवळ उरतच नाही. दुखणं होतं ते खाड्याचं. एक दिवस आली नाही की पैसे कापले. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, आणि पगारवाढीच्या जोडीने हक्काच्या सुट्ट्या आणि दिवाळीचा बोनस या मागण्या ऐरणीवर आल्या. काम न केलेल्या दिवसाचाही दरात वाटा असतो, ही गोष्ट त्या बायांनी रस्त्यावर उतरून शहराला समजावली. पुढे २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. आज सफाईची कंपनी काढणाऱ्याने दरपत्रक लिहिण्याआधी हा इतिहास वाचावा, इतका तो त्याच्या कामाचा आहे.

आता एक हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण रीत खरी आहे. समजा एका बाईला दिवसाचे ८०० रुपये द्यायचे ठरवले. आठ तासांचा दिवस, म्हणजे तासाला १०० रुपये असं वाटतं, आणि बहुतेक नवे व्यावसायिक इथेच थांबून त्यावर थोडा नफा चढवतात. पण आठ तासांतला प्रवास, गेट, सामान मांडणं-आवरणं आणि जेवणाची सुट्टी वजा केली तर गिऱ्हाइकाकडून ज्याचे पैसे मिळतात असे साडेपाचच तास उरतात. म्हणजे तास पडला १४५ रुपयांना. वर्षाला बारा महिन्यांच्या कामाचा तेरा महिने पगार, कारण दिवाळीला एक महिन्याचा बोनस. महिन्याच्या सव्वीस दिवसांतल्या दोन दिवसांची पगारी सुट्टी. तास १७० वर गेला. पावडरी, ब्रश, मायक्रोफायबरची फडकी, व्हॅक्यूमची झीज, बसभाडं यांचे ४० धरा: २१०. ऐनवेळी रद्द झालेली आणि “नीट झालं नाही” म्हणून पुन्हा करावी लागलेली कामं दहा टक्के: सुमारे २३०. शेवटी फोन, जाहिरात आणि व्यवसाय चालवणारीचा स्वतःचा पगार मिळून ५० रुपये, म्हणजे २८०.

दोघींनी प्रत्येकी पाच तास लावून केलेलं घर या हिशेबाने २,८०० रुपयांचं होतं. शेजारचा २,००० सांगतो म्हणून २,००० सांगितले तर तूट ८०० ची, म्हणजे नेमका एका बाईचा दिवसाचा पगार. ही तूट कधी बोनसमधून, कधी पगारी सुट्टीतून, कधी “आज थोडं थांबा” म्हणत वाढवलेल्या दोन तासांतून भरून निघते. मालकीण वाईट असते असं नाही. तिने आधी आकडा सांगितलेला असतो, नंतर हिशेब केलेला असतो.

दर आणि वेळापत्रक एकमेकांत किती गुंतलेले आहेत हेही याच उदाहरणात दिसतं. सकाळचं काम हडपसरला आणि दुपारचं वाकडला घेतलं आणि त्यापायी पैशांचे तास साडेपाचावरून साडेचारावर आले, तर बोनस-सुट्टी धरून पडणारा तास १७० वरून जवळपास २०९ वर जातो. एवढ्याने फायद्याचं काम तोट्यात जातं. म्हणून सोमवारी कोथरूड-कर्वेनगर, मंगळवारी बाणेर-औंध अशी वारांवर भागांची वाटणी करणं आणि “तुमच्याकडे बुधवारी येऊ, त्याच भागात असू म्हणून दर हा” असं गिऱ्हाइकाला मोकळेपणाने सांगणं, यात जो पैसा वाचतो तो खरा. सूट द्यायचीच असेल तर पहिल्या कामावर न देता याच्यावर द्यावी: एकाच इमारतीतल्या तीन घरांनी एकाच दिवशी काम घेतलं तर.

पुण्याचं वेळापत्रक करणाऱ्याला आणखी एका वाराकडे लक्ष ठेवावं लागतं. दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं तर महापालिका बहुतेक वेळा गुरुवार निवडते, आणि शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल हे वाक्य पुणेकरांना पाठ आहे. टाकीत पाणी नसताना दोन बाथरूमांची सफाई हाती घेणं म्हणजे दोन माणसांचा दिवस वाया घालवणं. शिवाय अनेक सोसायट्यांत दुपारी दोन ते चार आवाजाच्या कामाला बंदी. व्हॅक्यूम त्या वेळेत चालवता येत नाही. कपाटं, काचा, ट्रॉल्या तेव्हा घ्याव्या लागतात. एवढं जुळवलं तरच दिवस वेळेत संपतो.

स्वस्त दराने बाजार जिंकू पाहणाऱ्यांचं काय होतं, याची दोन उदाहरणं बोलकी आहेत. सॅन फ्रान्सिस्कोची ‘होमजॉय’ ही कंपनी अ‍ॅडोरा चुंग आणि तिच्या भावाने सुरू केली. गूगलच्या गुंतवणूक शाखेसह अनेकांनी तिच्यात पैसे घातले. पहिली सफाई १९ डॉलरमध्ये अशी जाहिरात होती. लोक आले, १९ डॉलरची सफाई करून घेतली, आणि पूर्ण दराला पुन्हा बोलावण्याची वेळ आली तेव्हा बरेच जण फिरकलेच नाहीत. काहींनी सफाईवालीशी परस्पर ठरवलं. त्यातच सफाई करणारे कंपनीचे कामगार की स्वतंत्र कंत्राटदार यावरून खटले उभे राहिले. ३१ जुलै २०१५ रोजी कंपनी बंद झाली. दुसरं उदाहरण घरचं. मार्च २०२५ मध्ये अर्बन कंपनीने मुंबईत पंधरा मिनिटांत घरकामाला बाई पाठवण्याची सेवा आणली, सुरुवातीचा दर तासाला ४९ रुपये. काम करणाऱ्या बायांना तासाला १५० ते १८० रुपये मिळतील असंही कंपनीने तेव्हा जाहीर केलं. दोन आकड्यांमधलं अंतर गुंतवणूकदारांच्या पैशातून भरायचं होतं. कोथरूडमध्ये दोन जोड्यांनिशी काम सुरू करणाऱ्या बाईमागे असा कुणी उभा नाही. तिने त्या ४९ शी स्पर्धा करायला जाऊ नये. त्या सेवेतली घ्यावी अशी गोष्ट वेगळीच आहे: पंधरा मिनिटांत पोचायचं तर बाया त्याच परिसरात असाव्या लागतात. मोलकरणीने एका सोसायटीतली घरं धरून साधलं तेच हे.

दर चढा असला की कामगाराला आपोआप जास्त मिळतं, असंही समजू नये. बार्बरा एरनराइक या अमेरिकी पत्रकार स्वतः एका सफाई कंपनीत कामाला राहिल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘निकल अँड डाइम्ड’ या पुस्तकात त्यांनी तो अनुभव लिहिला. कंपनी गिऱ्हाइकाकडून माणशी तासाला २५ डॉलर घेई आणि त्यांच्या हातात ६.६५ डॉलर पडत. दराची फोड कामगाराला दाखवणं हाच त्यावरचा उपाय. २८० पैकी कशाचे किती, हे मावशींना माहीत असेल तर गिऱ्हाइकाने जिन्यात हळूच “तुम्ही परस्पर या ना” म्हटल्यावर त्या बोनस आणि सुट्टी धरून हिशेब करतील. तरीही परस्पर काम परवडत असेल तर चूक त्या दरपत्रकात आहे.

कराचा विचारही लवकर करून ठेवावा. सेवाव्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि सफाईसेवेवर दर १८ टक्के. २,८०० च्या दराने ही मर्यादा सव्वासातशेच्या आतच गाठली जाते. रोज तीन जोड्या तीन घरं करत असतील तर वर्ष पुरं व्हायच्या आधी. गिऱ्हाइकाचं बिल मग ३,३०४ होतं, आणि घरगुती गिऱ्हाइकाला त्याची वजावट मिळत नाही. अचानक पाचशे रुपये का वाढले याचा खुलासा देत बसण्यापेक्षा ही वाढ आधीच कळवलेली बरी.

उरला सणाचा हंगाम. घटस्थापनेच्या आधी एक लाट येते, दसऱ्यापासून धनत्रयोदशीपर्यंत दुसरी, आणि त्यानंतर फोन एकदम थंडावतात. अकरा महिन्यांचे भाडेकरार संपून रिकामी झालेली घरं आणि गुढीपाडव्याला, अक्षय्य तृतीयेला ताबा मिळणारे नवे फ्लॅट हे या मधल्या काळातलं काम. त्यासाठी घरदुरुस्तीवाले आणि एजंट यांच्याशी ओळखी हव्यात. दिवाळीआधी दर वाढवण्यात गैर काही नाही, पण वाढीतला मोठा हिस्सा बायांना मिळाला पाहिजे, कारण त्या दिवसांत तासही त्याच जास्त काढतात. टोकन घेतल्याशिवाय तारीख देऊ नये, आणि आदल्या संध्याकाळनंतर रद्द केलं तर ते परत मिळणार नाही हे लेखी कळवावं. रद्द झालेल्या सकाळी मावशी घरून निघालेल्या असतात.

शिवाय त्यांचीही दिवाळी असते. जनता वसाहतीत, अप्पर इंदिरानगरात त्यांची घरं आहेत, तिथलेही माळे उतरवायचे असतात, फराळ करायचा असतो. म्हणून शेवटचं काम वसुबारसेच्या आदल्या दिवशी, असा नियम दरपत्रकावरच छापावा आणि गणपतीतच जुन्या गिऱ्हाइकांना कळवावा. तारीख आधी कळली की लोक नवरात्रातल्या आणि दसऱ्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातल्या जागा धरू लागतात, शेवटच्या तीन दिवसांची झुंबड कमी होते, एका भागातली घरं एका दिवशी बसवता येतात, आणि दोन घरांमधला वेळही आटोक्यात राहतो.