समान नाही

आमच्या गटाच्या पापडांचा हिशेब भाच्यानं लॅपटॉपवर बसवून दिला. पहिल्याच संध्याकाळी यंत्र म्हणालं, ‘समान नाही.’ उडदाचं पीठ सकाळी ०.१ किलो गेलं, दुपारी ०.२, वजन करणारीनं वहीत एकूण ०.३ लिहिलेलं. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती घरी गेल्यावर पिठाचा डबाही परत काट्यावर ठेवला. बरोबर भरला.

भाचा हसायलाच लागला. “मावशी, पीठ कुठं गेलं नाही. एकाला तीननं भागून बघ की, ०.३३३ लिहीत बसशील, संपणार नाही. यंत्राला शून्य आणि एक एवढंच येतं. त्याला आपला एक-दशांश तसाच न संपणारा. मग ते जवळच्या आकड्यावर थांबतं. बेरीज येते ०.३०००००००००००००००४. आणि ०.३ शी ताडून बघितलं, की नाही म्हणतं.”

उपाय सोपा होता. ग्रॅममध्ये, पूर्ण अंकांत मोजायचं. नाहीतर थोडा फरक असला तरी समान धरायचं. “थोडा म्हणजे किती, ते तू सांग,” तो म्हणाला.

पिठाला मी एक ग्रॅम म्हटलं. सोनाराकडं सोडला असता का एक ग्रॅम? आणि बारा वर्षं आमचा काटा सांभाळणाऱ्या बाईला मी किती सोडला? पंधरा शून्यांच्या पलीकडचा चारसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी आली, काटा पुसून बसली. डबा मोजल्याचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.