घाम पाहणाऱ्याचा

पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले आणि काही वर्षांतच ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक जण उगवला. माधवराव पेशव्यांच्या काळात चौकशी होऊन तो कैदेत पडला, पुढे सुटला, कोकणात त्याने बंड माजवले आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. खोटेपणा इथे समोरच्याचा होता. दमयंतीपुढे एकाच वेळी पाच नळ उभे राहिले, तेव्हाही फसवणूक देवांची होती, तिची नजर शाबूत होती. पापणी लवते का, अंगाला घाम येतो का, गळ्यातली फुले कोमेजतात का, एवढे न्याहाळून तिने आपला नळ निवडला.

पण समोरचा माणूस खराच असेल आणि तरी तो तोतया वाटत असेल तर?

मध्य प्रदेशातल्या नेपानगरची कागद गिरणी १९५५ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी नेहरूंच्या हस्ते ती देशाला अर्पण झाली. तेव्हा भरती झालेली तरणी पोरे आज हयात असतील तर नव्वदीच्या घरात आहेत. त्या वयाचा एखादा माणूस भरल्या ताटावर बसून वाढणारीलाच विचारतो, ‘तुम्ही कोण? आमची मंडळी कुठं गेली?’ घरातले हसतात, मग घाबरतात. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून कुणी सोडून देते, कुणाला बाहेरची बाधा दिसते.

वैद्यकाने या गोष्टीची नीट दखल घेतली ती १९२३ मध्ये, पॅरिसला. जोसेफ काप्ग्रा आणि त्यांचे सहकारी रबूल-लाशो यांच्याकडे पन्नाशी ओलांडलेली एक बाई होती. तिची बरीच मुले लहानपणीच दगावली होती. नवरा, मुलगी, शेजारी, सगळ्यांना कुणीतरी पळवून त्यांच्या जागी हुबेहूब दुसरी माणसे आणून ठेवली आहेत, अशी तिची खात्री होती. १९१८ मध्ये ती पोलिसांकडे तक्रार घेऊन गेलीही होती. काप्ग्रा यांच्या नोंदीनंतर चारच वर्षांनी, १९२७ मध्ये, याची उलटी बाजू नोंदली गेली: अनोळखी माणसांच्या वेशात एकच ओळखीचा माणूस पाठलाग करतो आहे, असा भ्रम. झटपट वेषांतरासाठी गाजलेल्या फ्रेगोली या इटालियन नटाचे नाव त्याला मिळाले.

पुढची कित्येक वर्षे मनोविश्लेषकांचा वरचष्मा राहिला. ज्याच्यावर माया त्याच्यावरच मनातून राग, तो राग कबूल करवत नाही, म्हणून ‘हा माझा नवराच नव्हे’ ही पळवाट. उत्तर डौलदार होते, पण घरच्यांवर अन्याय करणारे. आधीच रात्री जागून काढणाऱ्या बायकोला वर असे ऐकवायचे, की दडपलेला राग तुमच्यावरच आहे!

कलाटणी मिळाली ती चेहरे ओळखू न येणाऱ्या रुग्णांमुळे. १९८४ मध्ये संशोधक बाउर यांना दिसले, की अशा रुग्णाला चेहऱ्याचे नाव सांगता येत नाही, तरी ओळखीच्या माणसाचे खरे नाव कानावर पडले की त्याच्या त्वचेवर घामाचा सूक्ष्म बदल होतो. मन नाही म्हणते, अंग हो म्हणते. १९९० मध्ये एलिस आणि यंग यांनी तर्क उलटा फिरवला: काप्ग्रा यांनी नोंदलेल्या भ्रमाच्या रुग्णाला चेहरा बरोबर ओळखू येत असेल, पण त्यासोबत येणारी आपलेपणाची ऊब तुटली असेल. १९९७ मध्ये मोजमाप झाले आणि तसेच निघाले. ओळखीच्या चेहऱ्यांचे फोटो पाहताना या रुग्णांची त्वचा जवळजवळ गप्प राहिली. दमयंतीने समोरच्याचा घाम पाहिला होता, यांनी पाहणाऱ्याचा पाहिला. चेन्नईत वैद्यक शिकलेल्या मेंदूतज्ज्ञ रामचंद्रन यांच्या एका तरुण रुग्णाला समोर उभी आई तोतया वाटे, पण फोनवर तिचा आवाज ऐकला की शंका उरत नसे. कानाची वाट शाबूत होती.

ऊब तुटली तरी ‘मला काहीतरी होतंय’ असे न वाटता ‘ही बाई खोटी’ असे का वाटावे? आलेली शंका तपासून टाकून देणारी यंत्रणाही सोबत ढासळलेली असते, असे आज मानले जाते. म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशात दोन्ही एकदम घडू शकते. मेयो क्लिनिकने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातल्या अशा ४७ रुग्णांपैकी ३८ जणांना मेंदू झिजवणारे आजार होते आणि त्यांत ल्युई बॉडीचा आजार सर्वांत पुढे. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. त्यांतल्या काहींना आरशात परका म्हातारा दिसतो, कुणाला माळ्यावर बिऱ्हाडकरू राहतो असे वाटते, कुणी स्वतःच्याच क्वार्टरमध्ये बसून ‘चला आता घरी’ म्हणत पिशवी भरतो.

वाद घालून यातले काही सुटत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री माहुताच्या बायकोला ‘आई’ म्हणतात आणि अमृता सुभाषची चन्नम्मा त्यांना दुरुस्त करत बसत नाही. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ, हा योग मोठा छान. अर्थात परक्याला आई मानणे सोसवते. सख्ख्या बायकोला परकी ठरवणे घराला सोसत नाही. तिथे खोलीबाहेर जाऊन आतल्या माणसाला नुसती हाक मारावी, थोड्या वेळाने परत यावे, आरसा झाकावा, असे साधे उपाय कधी लागू पडतात, कधी नाही.

एकाएकी सुरू झालेला भ्रम मात्र थांबून पाहण्याजोगा नसतो. लघवीचा जंतुसंसर्ग, नवे औषध, मोतीबिंदू यांनीही तो वाढतो. ल्युई बॉडीच्या रुग्णाला भ्रमावरची नेहमीची काही औषधे जिवावर बेतू शकतात. नेपानगरहून इंदूर किंवा जळगाव गाठून डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिले प्रश्न असतात: केव्हापासून, दिवसाच्या कोणत्या वेळी, आवाज ओळखतात का, नसलेली माणसे दिसतात का? यांची उत्तरे ठाऊक असतात ती बहुधा तिलाच, जिला शेजारी बसलेला नवरा तोतया म्हणतो आहे.