पाचवं वाइंडिंग

कॉमर्सचा पदवीधर म्हटला की घरातली माणसं त्याला दोन कामं हक्कानं सांगतात. एक, लग्नात आहेराची यादी लिहिणं. दुसरं, मोडकी वस्तू समोर आणून ठेवणं आणि "हिच्यावर खर्च करावा की नवी घ्यावी?" असं विचारणं. पहिलं काम मी चांगलं करतो. आजवर एकाही आहेराच्या बेरजेत चूक निघालेली नाही. दुसऱ्या कामाची हकीगत सांगायची आहे.

२०२५ च्या एप्रिल महिन्यात एकाच आठवड्यात हा प्रश्न मला दोनदा आला. एकदा अमेरिकेतून आणि एकदा विहिरीतून.

अमेरिकेतून विचारणारा माझा भाचा. तो अ‍ॅरिझोनात, फीनिक्सला असतो. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं आहे. त्यामुळे त्याचं रात्रीचं जेवण आटोपून साडेआठला तो फोन लावतो तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे नऊ वाजलेले असतात आणि माझी अर्धी दाढी झालेली असते.

"मामा, रोबो गेला," तो म्हणाला. आवाज इतका पडलेला होता की मी आधी कोण आजारी होतं तेच आठवू लागलो.

हा रोबो म्हणजे त्याच्या घरामागच्या पोहायच्या हौदात सोडलेलं एक यंत्र. हौदाच्या तळाशी फिरायचं, भिंतीवर चढायचं, पाला आणि माती पोटातल्या जाळीत गोळा करायची, एवढाच त्याचा संसार. आमच्या विहिरीत हेच काम एक कासव करायचं असा आमच्या आजीचा दावा होता. त्याला वायर नव्हती आणि ते बंद पडल्याचं कधी ऐकलं नाही. भाच्याच्या यंत्राला मात्र पाचवं वर्ष लागलेलं, वॉरंटी मागच्याच महिन्यात संपलेली. (वॉरंटी नेहमी मागच्याच महिन्यात संपते. पुढच्या महिन्यात संपणारी वॉरंटी मी अजून पाहिलेली नाही.) आतली सीलबंद मोटार गेली होती. दुरुस्तीला साडेचारशे डॉलर, नवं नऊशेला.

"तिकडं एक साधा नियम आहे मामा," भाचा म्हणाला. "दुरुस्ती निम्म्याच्या वर गेली की नवं घ्यायचं, निम्म्याच्या आत असली की दुरुस्त करायचं."

"मग?"

"ही बरोबर निम्मी आहे. म्हणून तुम्हाला फोन केला."

नियम संपतो तिथं मामा सुरू होतो. मी गालावरचा साबण तसाच ठेवून त्याला दहा मिनिटं ऐकवलं. आपण वस्तू टाकणारी माणसं नव्हेत. तुझ्या पणजीनं जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या. आपल्याकडं भांड्याला कल्हई होते, छत्रीला काडी बसते, चपलेला अंगठा लागतो. जगाला आता कुठं जाग आली आणि लोक दुरुस्तीचा हक्क मागू लागले. आपल्या सरकारनंसुद्धा २४ डिसेंबर २०२२ ला ग्राहकांसाठी त्याचं एक पोर्टल सुरू केलं. तेव्हा टाकू नकोस, दुरुस्त कर! फोन त्याचा होता, त्यामुळे मी मुद्दा सविस्तर मांडला. भाच्याला पटलं. मलाही पटलं. दाढी करताना मी इतका तत्त्वनिष्ठ क्वचितच दिसलो असेन.

तिसऱ्या दिवशी दादाचा फोन आला.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. आमचं शेत डोंगरकड्याला. गाव आधी परभणी जिल्ह्यात होतं, १ मे १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात आहे. सरकारनं जुना जिल्हा दुरुस्त करत बसण्यापेक्षा त्यातून एक नवाच काढला. शेत दोघांचं, पण ते कसतो दादा. मी नांदेडला बँकेत काउंटरच्या पलीकडं बसतो आणि शेताला लागणाऱ्या यंत्रांचा खर्च देतो. ही वाटणी वडिलांनी घालून दिली आणि मला ती नेहमीच न्याय्य वाटत आली. ज्याच्या बाजूनं वाटणी असते त्याला ती न्याय्यच वाटते.

"मोटार जळाली," दादा म्हणाला. "केळी माना टाकू लाल्यात. ये."

अर्धापूर-डोंगरकड्याच्या पट्ट्यात ज्यानं एप्रिलातली केळी पाहिली आहे त्याला या वाक्याचा अर्थ समजावून सांगायला नको. केळी म्हणजे पाण्याचं झाड. उसाला चार दिवस थांब म्हटलं तर तो कुरकुरत थांबतो. केळी थांबत नाही, आडवी होते.

पाच अश्वशक्तीची विहिरीत बुडवायची मोटार. चौघांनी चेनकप्पी लावून ती वर काढली, टेम्पोत घातली आणि वारंगा फाट्यावर मिस्त्रीच्या दुकानात आणली. मिस्त्रीच्या दुकानात व्हार्निशचा वास, खुंटीला तांब्याच्या तारेची वेटोळी आणि जमिनीवर शेजारच्या चार गावांतल्या मोटारी पोट उघडून पडलेल्या. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात असते तशी शांतता. मिस्त्रीनं मोटार खोलली, काळी पडलेली तार बोटानं दाबली आणि म्हणाले, "एक फेज गेला होता. दोनावरच ओढत राहिली." तीन फेजांचं ओझं दोनांनी ओढायचं म्हणजे करंट वाढतो, तार तापते आणि जळते. हे होऊ नये म्हणून स्टार्टरमध्ये एक प्रिव्हेंटर असतो. तो सारखा मोटार बंद पाडतो म्हणून दादानं तो काढून टाकलेला. बायकोनं सारखं टोकू नये म्हणून तिला माहेरी धाडावं आणि मग तब्येत बिघडावी, तसा हा प्रकार.

"किती लागतील?"

"भरून द्यायचे साडेसहा हजार. नवी घेतली तर एकोणतीस."

मी मनातल्या मनात भागाकार केला. बावीस टक्के! फीनिक्सच्या नियमाप्रमाणे प्रश्नच नव्हता. शिवाय तीनच दिवसांपूर्वी मी दुरुस्तीच्या बाजूनं आंतरराष्ट्रीय भाषण दिलेलं. "भरा," मी उदारपणे म्हणालो.

मिस्त्री काही बोलले नाहीत. पेचकस फडक्याला पुसत बसले. मग म्हणाले, "साहेब, हे पाचवं वाइंडिंग आहे."

"असू द्या की."

"बुश दोनदा बदलले. शाफ्ट बदलला. पंखे बदलले. केबल तुम्हीच आणून दिली होती."

म्हणजे २००६ साली अठरा हजाराला घेतलेल्या मोटारीतलं आता तिचं असं काय उरलं होतं? बाहेरचं नळकांडं आणि त्यावरची नावाची पट्टी. मिलिंद राजाला नागसेन भिक्खूनं हेच विचारलं होतं. रथ म्हणजे चाक का? आस का? जू का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला. त्या राजाला रथाचा खर्च द्यायचा नव्हता, म्हणून ती चर्चा तत्त्वज्ञानात जमा झाली. मी मात्र वाणिज्याकडे वळलो. यंत्रांवर दर साल पंधरा टक्के घसारा, तोही उरलेल्या किमतीवर. या पद्धतीत गंमत अशी की वस्तूची किंमत दर वर्षी घटते पण शून्य कधीच होत नाही. एकोणीस वर्षांनी आमच्या मोटारीची पुस्तकी किंमत ८२० रुपये निघाली. शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही, तेव्हा हा हिशेब मला जगात कुणीही मागितला नव्हता. तरी केला. माणूस अडचणीत सापडला की ज्याला जे येतं ते तो करतो. कुणी जप करतो, मी घसारा काढतो.

"इतक्यांदा भरलेली मोटार वीज जास्त खाते," मिस्त्री म्हणाले.

"बिल तर माफ आहे," मी म्हटलं. हे खरंच होतं. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य सरकारनं एप्रिल २०२४ पासून पाच वर्षं मोफत वीज दिलेली आहे.

"तुम्हाला माफ आहे. वीज काय फुकट तयार होते?"

मला बँकेत पंचवीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत लेखापरीक्षकानंसुद्धा इतकं नेमकं बोट ठेवलं नव्हतं. आमच्याकडंही ही भरून देण्याची कला आहेच. पीक बुडालं की पीककर्जाचं पुनर्गठन करून ते मुदतीच्या कर्जात बदलतात. पुष्कळदा माणूस त्यानं खरोखर उभा राहतो. पण चौथ्या-पाचव्या वेळेला कागद तेवढे नवे असतात, आतली तार जळलेलीच असते. हे माहीत असूनही सगळे सह्या करतात, कारण आता हे चालणार नाही असं म्हणणारा पहिला माणूस कुणालाच व्हायचं नसतं. (आमच्या शाखेतलं पासबुक छापायचं मशीनही असंच आहे. ते आठवड्यातून दोनदा दुरुस्त होतं. मधल्या दिवसांत मी हातानं नोंदी करतो. त्या यंत्राचा न बिघडणारा एकमेव भाग मी आहे.)

"चालेल हो," मी तरी म्हणालो. "भरून द्या. बंद पडली की मला फोन करा."

"बंद पडली की फोन दादांचा येतो, साहेब," मिस्त्री म्हणाले. "रात्री दीडला येतो. मागच्या आषाढात स्टार्टरच्या डब्यात साप होता, तेव्हाही आला होता."

मी दादाकडं पाहिलं. दादा बाहेर टेम्पोवाल्याशी भाड्यावरून बोलत होता. ही सापाची गोष्ट मला माहीत नव्हती. शेतीची वीज काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन बांधावरून जायचं, बटण दाबायचं, पाणी आलं नाही की परत यायचं, पहाटे चार माणसं गोळा करायची, चेनकप्पी मागायची, मोटार वर काढायची, भरून आणायची, पुन्हा खाली सोडायची. मोटार पहिली काही वर्षं बिनतक्रार चालली होती, पुढं हे सगळं चार वेळा झालं. दर वेळी मी सहा-सहा हजार पाठवले आणि नव्या मोटारीचे पैसे वाचवले म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. दुहेरी नोंद पद्धतीचा पहिला धडा असा की एका खात्यात जमा पडलं की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात तेवढंच नावे पडतं. माझी काटकसर माझ्या खात्यात जमा होत होती. ती नावे कुणाच्या पडत होती, ते पान मी उलटलंच नव्हतं. गोधडीचंही तसंच असावं. पणजीची गोधडी म्हणून आम्ही कौतुक करतो, पण चिमणीच्या उजेडात ती शिवायला पणजोबा बसल्याचं काही कुणी सांगत नाही.

"पण मिस्त्री, तुमचे साडेसहा हजार बुडतील की."

"माझं काय. भरून दिली असती तर पावसाळ्याच्या आत परत आली असती. वर दादांच्या शिव्या."

या माणसाचं पोट माझ्या दुरुस्तीवर, आणि दुरुस्ती नको हे मला सांगणारा सगळ्या जगात तोच एक. मी एकोणतीस हजाराचा धनादेश लिहिला. हात जड झाला होता हे खोटं कशाला बोलू?

नवी मोटार दुसऱ्या दिवशी विहिरीत उतरली. स्टार्टरमध्ये नवा प्रिव्हेंटर बसवला आणि तो काढणार नाही अशी शपथ मी दादाकडून घेतली. बटण दाबल्यावर पाइप एकदा ठसकला आणि पाणी बदाबदा पाटात पडलं. दादानं ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. मला वाटलं, आता काही तरी बोलेल. सापाबद्दल, रात्रींबद्दल, निदान मोटारीबद्दल.

"जुनी कुठाय?" दादा म्हणाला.

"मिस्त्रीकडं. भंगारात तांब्याचा चांगला भाव येईल म्हणाले."

"घेऊन ये. भरून ठेवू. अडीअडचणीला लागती."

"दादा, पाचवं वाइंडिंग आहे ते!"

"मग काय झालं? बाबानं घेतलेली हाय. आणि रोज थोडीच चालवायचीय."

साडेसहा हजारांचा दुसरा धनादेश मी तिथंच, विहिरीच्या काठावर, गुडघ्यावर ठेवून लिहिला.

पुढच्या आठवड्यात सकाळी नऊला फोन वाजला. भाच्यानं माझं ऐकून रोबो दुरुस्तीला पाठवला होता. कंपनीकडून सुटा भाग यायला तीन आठवडे लागणार होते. तोवर रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर लांब दांडीची जाळी घेऊन तो हौदातला पाला काढत होता.

"एकटाच काढतोस?" मी विचारलं.

"नाही. शनिवार-रविवार ही काढते. ती विचारत होती, मामांना फोन करायचं कुणाच्या डोक्यातून निघालं." मग थोडं थांबून म्हणाला, "ते जाऊ द्या. आई म्हणाली विहिरीवरची मोटार जळाली. काय केलं? दुरुस्त केली की नवी घेतली?"

"दोन्ही," मी म्हणालो.

तिकडून बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटलं, लाइन तुटली.

"मामा," तो म्हणाला, "तुम्ही कॉमर्सचेच ना?"

माझ्या डाव्या गालावरचा साबण पार वाळून गेला होता.