गव्हाळ म्हणजे कोणता गहू?

बी.कॉम. झालेल्या माणसाने आरशापुढच्या फळीत नाक खुपसू नये, असं माझं जुनं मत. मागच्या उन्हाळ्यात मी ते खुपसलं, आणि तेही अक्षरशः. ट्यूबवरचा मजकूर इतका बारीक होता, की नाक टेकवल्याशिवाय वाचताच येईना.

ट्यूब भाचीची. ती शहाद्याहून सुट्टीला आमच्याकडे नंदुरबारला आली होती. रसायनशास्त्रात बीएस्सी झालेली, त्यामुळे शिकवणी फुकट मिळाली.

पहिला शब्द 'नॉन-कोमेडोजेनिक'. मला वाटलं, हे लावल्यावर विनोद सुचत नसावा. माझ्यासारख्याने चार हात लांब राहिलेलं बरं! "मामा, कोमेडो म्हणजे बुजलेलं रंध्र. हे लावून रंध्रं बुजत नाहीत, एवढंच त्यांना म्हणायचंय."

"आणि 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' म्हणजे अ‍ॅलर्जी होत नाही, असंच ना?"

"होण्याची शक्यता कमी. हायपो म्हणजे कमी, शून्य नव्हे."

पुढे कळलं, की अमेरिकेतसुद्धा या शब्दाला सरकारी व्याख्या नाही. मग आला 'डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड'. म्हणजे चाचणी झाली. निकाल काय लागला, ते छापलेलं नाही. मी सीएच्या परीक्षेला दोनदा बसलो आहे. या हिशेबाने मीही 'सीए टेस्टेड' अशी पाटी दाराला लावायला हरकत नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि तिथे पहिलंच नाव 'अ‍ॅक्वा'. अ‍ॅक्वा म्हणजे पाणी! आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याला मोल असतं हे कबूल, पण इतकं?

एसपीएफ पाहून मात्र जीव सुखावला. अखेर आकडे भेटले! त्वचा भाजणारे अतिनील किरण १५ वाल्याने सुमारे ९३ टक्के अडतात, ३० वाल्याने ९७ आणि ५० वाल्याने ९८. म्हणजे ३० वरून ५० वर उडी मारली, की पदरात पडतो एक टक्का. तोही प्रयोगशाळेत लावतात तितका जाड थर दिला तर. आपण लावतो अष्टगंधासारखं. गावाबाहेर पथारीवर मिरची वाळवणाऱ्या बाया डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला फडकं गुंडाळतात. त्या फडक्यावर आकडा नसतो, पण ते कसला दावाही करत नाही.

आता गंमत पाहा. ट्यूबवरचा एकही शब्द खोटा नव्हता. तरी सगळे मिळून माझ्या मनात जे चित्र उभं राहिलं, ते खरं नव्हतं. मग खोटं बोललं कोण? अश्वत्थामा मेल्याचं सांगताना धर्मराजही शब्दात पकडला जात नाही. पण जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. मी भाचीला ऐकवलं, "शब्द खरा आहे की नाही, हे विचारायचं नसतं. ऐकणाऱ्याचा काय समज व्हावा अशी बोलणाऱ्याची इच्छा होती, ते विचारायचं." वाक्य जमलं होतं. मी खूश होतो.

"मग हे काय?" म्हणून तिने एक कागद पुढे केला. अक्षर माझंच. घरात अक्षर बरं माझं, म्हणून ताईने तिच्या स्थळांसाठी बायोडेटा मलाच लिहायला सांगितला होता. मी लिहिलं होतं : 'वर्ण – गव्हाळ'.

"मामा, गव्हाळ म्हणजे कोणता गहू? लोकवन, शरबती की खपली?"

भाची सावळी आहे. माझ्या आईसारखी. मी म्हटलं, "अगं, तसं लिहायची पद्धत असते. वाचणाऱ्यालाही कळतं."

आणि बोलता बोलता माझाच रथ खाली टेकला. ट्यूबवरच्या शब्दांनी निदान गिऱ्हाईक तरी फसतं. माझ्या शब्दाने कुणीच फसणार नव्हतं. फक्त एका मुलीला कळलं होतं, की तिचा रंग लिहायला तिच्या मामालाही संकोच वाटतो. कुणाला न फसवताही शब्द खोटा असू शकतो, हे मला कॉलेजात शिकवलं नव्हतं. १९७५ साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चं नाव २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झालं, तेव्हा 'नाव बदलून काय होतं!' म्हणून मी ऑफिसात सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसलो होतो. त्यांनी निदान एक शब्द खोडला. मी तर लपवायला नवा शोधला होता.

मी पेन काढलं. 'गव्हाळ' खोडून वर 'सावळी' लिहिलं. भाचीने कागद पाहिला आणि म्हणाली, "रकानाच काढून टाका ना मामा. पोराकडच्यांचा बायोडेटा आला, त्यात कुठे आहे?"

खरंच नव्हता. मी अख्खी ओळ खोडली. खाडाखोड केली, की शेजारी छोटी सही करायची, ही आमच्या धंद्याची सवय.

तीही केली.