पेला आणि चिलीम

चांगल्या कुळात एखादा वाकडा निघाला की आपण म्हणतो, तुळशीत भांग उगवली. यात भांगेची बाजू कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. मीही तिची वकिली करायला बसलेलो नाही. मी शाळामास्तर आहे. मुलांनी या झाडाच्या वाऱ्यालाही उभे राहू नये असेच मला वाटते. पण अकरा वर्षांपूर्वी एका कागदावर मी एक शब्द लिहिला आणि तो अजून मला सलतो आहे. त्या शब्दाचा हिशेब द्यायचा तर या झाडाची थोडी कुळकथा सांगावी लागेल.

झाड एकच. त्याची पाने वाटून प्यायली की ती भांग. मादी झाडाचा चिकट तुरा वाळवून चिलमीत ओढला की तो गांजा. त्या तुऱ्यावरचा राळेसारखा चीक वेगळा काढला की तो चरस. हिमाचलातल्या मलाण्याला हिरवे तुरे तळहातांवर चोळून तो जमवतात. गांजाची शेती तर मोठ्या कसबाची. पूर्वी बंगालात नौगावकडे 'पोद्दार' म्हणून ओळखले जाणारे जाणकार शेताशेतांतून हिंडत आणि नर रोपे हुडकून उपटून टाकीत. कारण मादीला बी धरले की तिचा कस उतरतो. सारे पीक एका माणसाच्या नजरेवर अवलंबून! अशी नजर परीक्षकाला असती तर किती बरे झाले असते.

आता माझे मामा. महाशिवरात्रीला त्यांच्या घरी भांग व्हायची. पाने सात पाण्यांनी धुवायची, मग मिरी, बडीशेप, खसखस, सोललेले बदाम यांच्याबरोबर पाट्यावर वाटायची. वरवंट्याला गोळा चिकटून पाटाही उचलला जाईपर्यंत वाटायची, असा मामांचा दंडक. मग आटीव दुधात कालवून फडक्यातून गाळायची. पहिला पेला महादेवाला, दुसरा गुरुजींना, नंतर वयाच्या मानाने. कोणी तिला नशा म्हणत नसे. तो प्रसाद होता. मी स्वतः तो कितीतरी वर्षे घेतला आहे आणि घेऊन भलभलत्या गोष्टींना हसलो आहे.

एका वर्षी माझ्या बारा वर्षांच्या मावसभावाने पेला घेतला. अर्धा तास झाला, काहीच होईना. त्याने गुपचूप दुसरा घेतला, मग तिसरा. दिवेलागणीला तो भिंत धरून बसला आणि 'माझे हात कुठे गेले' म्हणून रडू लागला. रात्रभर त्याची आई उशाशी बसून होती. सकाळी मामा एवढेच म्हणाले, "पोराला सोसली नाही." ती गोष्ट घराबाहेर गेली नाही. जाणार कशी? त्या पंगतीत आमच्या शाळेच्या मंडळाचे दोन सभासद होते.

प्यायलेल्या भांगेला प्रतिष्ठेचा असा आधार फार जुना आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात तो सांगतो की, गुजरातचा सुलतान बहादूरशहा याला रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान असे कुठे जावेसे वाटले की तो थोडी भांग खाई, आणि काम होई! सुलतानाने खाल्ली म्हणून ती देशाटनाची कथा झाली. एखाद्या गाडीवानाने चिलीम ओढून ब्राझील पाहिले असते, तर वैद्याने ते रोगाच्या प्रकरणात घातले असते असा माझा तर्क आहे.

कायद्यानेही हाच भेद पाळला. १८९३ साली इंग्रज सरकारने एक आयोग नेमला. त्याने देशभर हजारावर साक्षी घेतल्या आणि दुसऱ्या वर्षी सांगितले की, माफक सेवनाने म्हणण्यासारखी हानी होत नाही, अतिरेकाने होते. सरसकट बंदी करू नये. पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात आणि त्याला अनुसरून झालेल्या आपल्या १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात तुरा आणि चीक गुन्ह्यात आले. नुसते पान व बी व्याख्येबाहेर राहिले. एक किलोपर्यंत गांजा हा 'अल्प' गणला जातो, पण त्यालाही वर्षापर्यंतची कैद आहे. पानाला मात्र या कायद्याचा धाक नाही. गंमत अशी की, मुंबई इलाख्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने भांगही अमली पदार्थांत धरली. म्हणजे परवान्यावाचून आमच्या मामांचा पेलाही कायद्याच्या कचाट्यातलाच. पण त्या पाट्यावर पोलीस आल्याचे कोणाला आठवत नाही.

भेदाला काहीच अर्थ नाही असे मी म्हणत नाही. पान सौम्य, तुरा कडक, चीक त्याहून कडक. आणि धूर छातीला वाईट तो वाईटच. पण खरा फरक मला दुसरीकडे दिसतो. या झाडाचा कैफ पाण्यात उतरत नाही, स्निग्धांशात उतरतो. म्हणून दूध आणि बदाम. प्यायलेली भांग पोटातून यकृतात जाते, तिथे तिचे आणखी तीव्र द्रव्य बनते, आणि ती चढायला तास-दीड तास लागतो. एकदा चढली की कित्येक तास उतरत नाही. धूर मात्र काही मिनिटांत डोक्यात जातो आणि लवकर ओसरतो. म्हणजे पिणाऱ्याला 'किती' हे आधी, अंधारात ठरवावे लागते. पेला रिकामा झाल्यावर त्याच्या हाती काही उरत नाही. ओढणाऱ्यापुढे प्रत्येक झुरक्याला प्रश्न उभा असतो: आणखी की पुरे? तो पुष्कळदा चुकीचे उत्तर देतो हे खरे. पण त्याला विचारले तरी जाते. संयम म्हणजे चुकीच्या वस्तूपासून लांब राहणे, की हातात असताना ती खाली ठेवता येणे? आम्ही पहिल्याला गुण देतो, कारण तो मोजायला सोपा आहे.

आमच्या शाळेचा शिपाई गांजा ओढायचा. शाळेत नव्हे. रात्री भजन आटोपल्यावर देवळामागे चारजण बसत, चिलमीला ओली छापी गुंडाळत, आणि तिचा एक-दोनदा फेरा होई. सकाळी त्याच्या सदऱ्याला तो वास असे. मी हे वर्षानुवर्षे जाणत होतो. एका पालकाने तक्रार केली, आणि ती गैर नव्हती. शाळेत तो वास असू नये. मंडळाची बैठक भरली. त्याला बोलावून समज द्यावी असे मला वाटत होते. मी बोललो नाही. मराठी माझी बरी म्हणून ठरावाचा मसुदा माझ्याकडे आला. मी लिहिले: 'सदर इसम गांजेकस असून'. गांजा ओढतो असे लिहिता आले असते. पण 'गांजेकस' म्हटले की माणसाचे बाकीचे सगळे पुसले जाते, आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला हे कळत नव्हते असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? त्याची घंटा एकोणीस वर्षांत एकदा तरी चुकली का, हे कोणी विचारले नाही. ठराव एकमताने झाला. शिवरात्र होऊन दहाच दिवस झाले होते.

तो गाव सोडून गेला नाही. देवळापाशी नारळ-फुले विकू लागला. मला पाहिले की अजूनही उठून उभा राहतो, आणि ते मला सोसत नाही. यंदाच्या शिवरात्रीला मामांनी ओट्यावरच्या सगळ्यांना भांग वाटायला सांगितली. तबक माझ्या हातात होते. मी एक पेला त्याच्यापुढे केला.

त्याने हात जोडले. "नको मास्तर," तो म्हणाला, "ही पिण्याची मला जमत नाही. किती झाली ते कळतच नाही हो."