आवाजी मतदानाचा आडोसा

जुलै 2025 मध्ये विधान परिषदेतील एक चित्रफीत राज्यभर फिरली. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात बसून मोबाइलवर रमी खेळत आहेत, असे तीत दिसत होते. कर्जत-जामखेडचे आमदार रोहित पवार यांनी ती एक्सवर टाकली. आपण खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेली जाहिरात घालवत होतो, हा कोकाटे यांचा खुलासा लोकांच्या गळी उतरला नाही. 31 जुलैला त्यांचे खाते बदलले आणि कृषी खाते इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे यांच्याकडे आले. काही सेकंदांच्या चित्रणाने एका मंत्र्याचे खाते हलवले आणि ते आणून ठेवले इंदापूर तालुक्याच्या दारात.

त्याच पावसाळी अधिवेशनात 10 जुलैला विधानसभेने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. संयुक्त चिकित्सा समितीकडे त्यावर 12,000 हून अधिक सूचना आणि हरकती आल्या होत्या, म्हणजे लोकांना या कायद्याची धास्ती होती. विधेयक मात्र आवाजी मतदानाने निघाले. विधानसभेत ठामपणे विरोधात उभे राहिले ते डहाणूचे मार्क्सवादी आमदार विनोद निकोले, एकटेच. दुसऱ्या दिवशी परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि पुढे सभागृहाबाहेर, समाजमाध्यमांवर निषेधाला जोर चढला. पण 288 जणांच्या सभागृहात कोणी काय मत दिले, याची नावनिशीवार यादी नाही. मंत्र्याचे बोट मोबाइलच्या पडद्यावर कुठे फिरत होते हे आपण पाहिले; कायद्यावर आपल्या आमदाराचे मत कुठे पडले हे पाहण्याची सोय नव्हती.

लोकप्रतिनिधी समाजमाध्यमांवर फार बोलतात, असा तक्रारीचा सूर हल्ली सगळीकडे ऐकू येतो. माझी तक्रार उलटी आहे. ते बोलतात ते बोलोत. त्यांच्या बोलण्याला ताडून पाहावी अशी मतांची नोंद आपल्याकडे जवळपास नाही, ही खरी अडचण आहे. भूमिका पोस्टमध्ये असते आणि कृती मतात. मत अदृश्य असले की भूमिका कितीही चढ्या आवाजात मांडता येते. तिची परीक्षा कधी होतच नाही.

इंदापूर तालुक्यात वरकुटे खुर्द आणि वरकुटे बुद्रुक अशी दोन गावे आहेत. विधानसभेला ती इंदापूर मतदारसंघात येतात, लोकसभेला बारामतीत. ऊस, डाळिंब, कांदा, कालव्याचे आवर्तन आणि साखर कारखान्याची निवडणूक या विषयांवर इथला माणूस कोणाशीही वाद घालू शकतो. राजकारण त्याला शिकवावे लागत नाही. पण त्याने एक साधा प्रश्न विचारला, की गेल्या दहा-बारा वर्षांत माझ्या जगण्याला भिडणाऱ्या कायद्यांवर माझ्या आमदाराने आणि खासदाराने काय मत दिले, तर त्याच्या हाती काय लागेल?

सुरुवात 2014 पासून करू. त्या वर्षी इंदापूरने हर्षवर्धन पाटील यांना हरवून राष्ट्रवादीचे भरणे यांना पहिल्यांदा विधानसभेत पाठवले. भाजपचे 122 आमदार निवडून आले होते, बहुमताला 145 हवे होते, आणि 41 आमदार असलेल्या राष्ट्रवादीने निकालाच्या दिवशीच भाजपला बाहेरून पाठिंबा देऊ केला होता. 12 नोव्हेंबरला देवेंद्र फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आला. अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी तो आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर केले. काँग्रेस आणि तेव्हा विरोधी बाकांवर असलेल्या शिवसेनेने मतविभागणीसाठी गोंधळ घातला. मोजणी झाली नाही. भाजपच्या विरोधात प्रचार करून आलेल्या 41 जणांपैकी कोणी हात दिला, कोण गप्प राहिला, हे विधानसभेच्या कामकाजात शोधूनही सापडणार नाही. राष्ट्रवादीला ते सोयीचे होते आणि भाजपलाही. गैरसोय झाली ती फक्त मतदाराची.

गावपातळीवरचा नियम याच्या शेजारी ठेवून पाहावा. सरपंचावर अविश्वास ठराव आणायचा तर तहसीलदाराने विशेष सभा बोलवावी लागते आणि ठरलेले दोन तृतीयांश किंवा तीन चतुर्थांश सदस्य मोजूनच ठराव होतो. ग्रामपंचायतीच्या साध्या ठरावालाही सूचक आणि अनुमोदक यांची नावे लागतात. वरकुट्याचा सरपंच नुसत्या आरडाओरड्याने पाडता येत नाही. महाराष्ट्राचे सरकार मात्र नुसत्या आवाजावर तरू शकते.

आता दिल्ली. सप्टेंबर 2020 मध्ये तीन कृषी कायदे आले. बाजार समितीबाहेरचा व्यापार, कराराची शेती आणि कांद्यासारख्या मालाच्या साठ्यावरील मर्यादा हे त्यांचे विषय होते. इंदापूरच्या शेतकऱ्याशी याहून जवळचे दुसरे काय असेल? लोकसभेत ते आवाजी मतदानाने संमत झाले. 20 सप्टेंबरला राज्यसभेत विरोधकांनी मतविभागणी मागितली, उपसभापती हरिवंश यांनी ती दिली नाही, गोंधळ झाला आणि दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. त्या मतदानाच्या दिवशी सभागृहात नसलेल्या शरद पवारांनी निलंबितांच्या पाठिंब्यासाठी एक दिवसाचा अन्नत्याग केला. अन्नत्यागाची बातमी सर्वत्र झाली, मताची नोंद कोणाचीच झाली नाही. पुढे वर्षभर शेतकरी दिल्लीच्या सीमांवर बसले आणि 29 नोव्हेंबर 2021 रोजी दोन्ही सभागृहांनी चर्चेविना, पुन्हा आवाजी मतदानानेच, ते कायदे मागे घेतले. स्वतंत्र भारतातील एका मोठ्या शेतकरी आंदोलनाच्या केंद्रस्थानी असलेले कायदे झाले आणि गेले. दोन्ही वेळा एकाही खासदाराच्या नावापुढे बाजूने किंवा विरोधात अशी खूण पडली नाही.

डिसेंबर 2023 मध्ये तर याहून पुढची पायरी आली. 19 डिसेंबरला लोकसभेतून 49 खासदार निलंबित झाले. त्यांत बारामतीच्या सुप्रिया सुळे होत्या आणि शेजारच्या शिरूरचे अमोल कोल्हेही. दुसऱ्याच दिवशी भारतीय दंड संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेसह तीन फौजदारी विधेयके लोकसभेने आवाजी मतदानाने संमत केली. 1 जुलै 2024 पासून इंदापूर पोलीस ठाण्यात दाखल होणारा गुन्हा त्याच कायद्यांखाली नोंदवला जातो. त्या कायद्यांवर बारामती मतदारसंघाचे मत नाही. मत नोंदले गेले नाही एवढेच नव्हे, ते द्यायला प्रतिनिधी सभागृहात नव्हता. अशा वेळी खासदाराने संसदेच्या पायऱ्यांवर उभे राहून मोबाइलसमोर बोलायचे नाही, तर काय करायचे?

म्हणून समाजमाध्यमांवरील भूमिकेला मी सरसकट दिखाऊ म्हणणार नाही. 2017 मध्ये सुप्रिया सुळे यांनी रस्त्यावरच्या खड्ड्यांसोबत सेल्फी काढून ते टाकण्याची मोहीम चालवली. तेव्हाचे सार्वजनिक बांधकाममंत्री चंद्रकांत पाटील यांनी 15 डिसेंबरपर्यंत राज्यातील रस्ते खड्डेमुक्त करण्याचा शब्द दिला होता. त्या शब्दाचा पिच्छा पुरवण्याचा हा मार्ग होता. त्यांची खासगी विधेयकेही याच जातीची आहेत. कामाच्या वेळेनंतर कार्यालयाचा फोन न घेण्याचा हक्क मागणारे 2018 चे विधेयक असो की समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता मागणारे 2022 चे, ते कायदा होणार नाही हे मांडणाऱ्यालाही ठाऊक असते. स्वातंत्र्यानंतर जेमतेम 14 खासगी विधेयकांचे कायदे झाले आणि 1970 नंतर एकाचेही नाही. तरीही असे विधेयक मांडताना खासदार आपले नाव कागदावर घालतो, लोकांच्या पसंतीची खात्री नसलेल्या विषयावरही. अशी भूमिका पडताळता येते. बहुसंख्य पोस्टना मात्र असा कागद मागे नसतो.

आणि सगळे काही मतदानाने ठरते, असेही नाही. 2021 मध्ये उजनीतून इंदापूरसाठी पाच टीएमसी पाणी उचलण्याच्या निर्णयावरून सोलापूर जिल्हा पेटला. इंदापूरचे आमदार भरणे तेव्हा सोलापूरचे पालकमंत्री होते, त्यामुळे दोन्हीकडचा रोष आणि अपेक्षा एकाच माणसावर येऊन पडल्या. मे महिन्यात जलसंपदामंत्री जयंत पाटील यांनी निर्णय रद्द केल्याचे जाहीर केले. टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळणार की नाही, हा प्रश्न कोणत्याही सभागृहात मताला टाकला गेला नव्हता. तो शासनाच्या एका कागदाने उभा राहिला आणि दुसऱ्या कागदाने मिटवला गेला. मतदार आमदाराला कायदे करणारा म्हणून पाहत नाही. विजेची डीपी बदलून देणारा, रस्ता मंजूर करून आणणारा, आवर्तन सोडवणारा म्हणून पाहतो, तो काही अडाणी म्हणून नव्हे. अनुभवाने त्याला हेच शिकवले आहे. पण याच अनुभवाने कायद्यावरचे मत हा बिनमहत्त्वाचा सोपस्कार ठरवला आणि प्रतिनिधीची सुटका करून टाकली.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आणले. पक्षाचा व्हिप मोडून मत दिले किंवा मतदानाला दांडी मारली आणि पक्षाने 15 दिवसांत माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. मग मत पक्षाचेच असेल, तर त्याची सदस्यवार नोंद ठेवून मिळणार काय? याचे उत्तर महाराष्ट्रानेच दिले आहे. 3 जुलै 2022 ला विधानसभा अध्यक्षाच्या निवडणुकीत शिरगणती झाली, राहुल नार्वेकर यांना 164 आणि राजन साळवी यांना 107 मते पडली. दुसऱ्या दिवशी एकनाथ शिंदे सरकारने विश्वासदर्शक ठराव 164 विरुद्ध 99 असा जिंकला. फुटलेल्या एका शिवसेनेचे दोन व्हिप होते आणि प्रत्येक आमदाराला उभे राहून आपण कोणत्या बाजूला हे दाखवावे लागले. ती नोंद होती म्हणून पुढे सर्वोच्च न्यायालयातही वाद तथ्यांवर लढला गेला. व्हिप असतानाही गैरहजेरी, तटस्थता, बंड आणि निमूट आज्ञापालन या चार वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद असेल तर मतदाराला त्या वेगळ्या दिसतात, नसेल तर सगळ्या एकाच कोलाहलात बुडतात.

मत दिसते करणे आपल्या व्यवस्थेला जमत नाही, असेही कोणी म्हणू नये. 2003 पासून राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. जून 2022 मध्ये नांदगावचे आमदार सुहास कांदे यांचे मत ती दाखवण्याच्या पद्धतीवरूनच बाद ठरले. डिसेंबर 2021 मध्ये घोडेबाजाराची भीती वाटली, तेव्हा विधानसभेने स्वतःचे नियम बदलून अध्यक्षपदाची निवडणूक गुप्त मतदानाऐवजी खुली केली. पक्षाला गरज पडली की मत उघड होते, नियम बदलतात, कॅमेरे लागतात. आमदाराचे मत पक्षाला दिसलेच पाहिजे, याची इतकी काळजी घेणाऱ्या व्यवस्थेला ते मतदाराला दिसावे असे कधी वाटले नाही. आपले लोकप्रतिनिधी कोणाला जबाबदार आहेत, हे जाहीरनाम्यांपेक्षा या एका फरकातून अधिक स्पष्ट कळते.

ब्रिटिश हाऊस ऑफ कॉमन्स 1836 पासून मतविभागणीच्या याद्या अधिकृतपणे छापते. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार उपस्थितांपैकी एक पंचमांश सदस्यांनी मागणी केली की नावनिशीवार मत नोंदवावेच लागते. आपल्याकडे घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते म्हणून तेवढी मोजणी अटळ आहे. 20 सप्टेंबर 2023 ला महिला आरक्षणाच्या बाजूने 454 आणि विरोधात 2 मते पडली, हे आपल्याला त्यामुळे ठाऊक आहे. बाकी बहुतेक कायद्यांचे भवितव्य पीठासीन अधिकाऱ्याच्या कानांवर सोपवलेले. परिणामी कायदेमंडळांच्या कामाचा अभ्यास करणारी पीआरएससारखी संस्था खासदाराची हजेरी, प्रश्न आणि चर्चेतला सहभाग मांडू शकते, मताचा रकाना भरू शकत नाही. मग वर्षाअखेरीस किती प्रश्न विचारले यावर पुरस्कार मिळतात आणि पुरस्काराचे फोटो पोस्ट होतात.

उपाय महागडा नाही. प्रत्येक विधेयकाच्या अंतिम टप्प्यावर सदस्यवार मतनोंद सक्तीची करावी आणि ती त्याच दिवशी मराठीत प्रसिद्ध करावी. याला घटनादुरुस्ती लागत नाही. कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार अनुच्छेद 208 ने विधिमंडळाला दिलेलाच आहे. गोंधळात मतविभागणी घेता येत नाही ही सबब मान्य करायची, तर गोंधळात कायदा संमत होऊ नये हेही मान्य करावे लागेल. नियम बदलेपर्यंत वाट पाहण्याचीही गरज नाही. जो आमदार किंवा खासदार दिवसातून दहा पोस्ट करतो, त्याने अकरावी अशी करावी: आज या विधेयकावर मी बाजूने होतो, विरोधात होतो किंवा सभागृहात नव्हतो, आणि कारण हे. दोन ओळींचा हा मजकूर खोटा निघाला तर खोडून काढायला सभागृहातले सहकारी आणि विरोधक टपलेले असतीलच.

सत्ताधारी हे आपणहून करणार नाहीत आणि विरोधकांनाही उद्याच्या सत्तेची सोय पाहायची असते. त्यामुळे मागणी खालून यावी लागेल. वरकुट्यात प्रचाराला येणाऱ्या उमेदवाराला रस्ता, पाणी, वीज हे प्रश्न विचारले जातात, ते विचारावेतच. त्यांच्या जोडीला आणखी एक विचारावा: निवडून गेलात तर प्रत्येक कायद्यावरचे तुमचे मत आम्हाला लेखी कळवाल का? रस्त्याचे आश्वासन पाळायला निधी लागतो, मंत्री लागतो, पाच वर्षे लागतात. हे आश्वासन पाळायला उमेदवाराला स्वतःखेरीज कोणाचीच गरज नाही, म्हणून ते मोडले तर सांगायला सबबही उरत नाही.